ग्वारीघाट सांगून सदरला

अहो मंजूचे बाबा,

तुमची चोरी पकडली गेली, म्हणून हे पत्र लिहून राहिले आहे.

तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले. नऊ महिन्यांत मी तुमच्यावर एकदाही चिडले नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तुमच्याबद्दल चांगलंच सांगत होते. शिस्तीचे होते, शब्दाचे पक्के होते, खाण्यापिण्याचे चोचले नव्हते, गुरुवारचा उपास आणि ग्वारीघाटाला नर्मदामाईचं दर्शन कधी चुकलं नाही. बायका ऐकून माना हलवायच्या. आता त्यांच्यापुढे मी कोणतं तोंड घेऊन बसू?

गुरुवारचा उपास म्हणे! मी संध्याकाळसाठी साबुदाणा भिजवायचे, दाण्याचं कूट करायचे, आणि तुम्ही दुपारी सदरच्या बाजारात बसून व्हाइट सॉस पास्ता खाऊन यायचे! तोही कोणाच्या कॅफेत? ज्या कॅफेची पायरी चढायची नाही म्हणून मला शब्द द्यायला लावला होता, त्याच!

थांबा, चिडले की माझं सगळं उलटसुलट होतं. पहिल्यापासून सांगते. तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहेच म्हणा, पण मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

पाच वर्षांपूर्वी मंजूने सांगितलं की ती अंकुरशी लग्न करणार. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, सदरच्या एका गल्लीत त्याने सहा टेबलांचा कॅफे टाकलेला. सँडविच, पास्ता, गार्लिक ब्रेड, कोल्ड कॉफी, कॉलेजच्या मुलामुलींना परवडेल असं. तुम्ही पेपर खाली ठेवला आणि म्हणालात, "फॅक्टरीत बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली मी. एक माल खराब पास केला नाही. आणि जावई काय, तर सँडविचवाला?"

मंजू म्हणाली, "बाबा, एकदा भेटा तरी त्याला."

"काहून भेटू? तो या घरात येणार नाही आणि आपण त्याच्या हॉटेलात जाणार नाही. तुला यायचं तर एकटी ये."

ती तुमचीच पोर. म्हणाली, "अंकुर नाही तर मीपण नाही." आणि गेली. आपल्या अधारतालहून सदर ते किती लांब? ऑटोने अर्धा तास. त्या अर्ध्या तासाची तुम्ही दोघांनी मिळून चार वर्षं केली.

आणि मी? मी मधल्यामध्ये. तुम्ही अंघोळीला गेलात की मी मंजूला फोन लावायचे. दार वाजलं की ठेवायचे. आता मला एक सांगा. शेवटची तीन-चार वर्षं तुम्ही अंघोळीला पाऊण पाऊण तास लावत होता. थंडीतसुद्धा! ते मुद्दाम होतं का हो? तुम्हाला कळत होतं का? हे विचारायला आता कोणाकडे जाऊ मी?

तर मागचा शुक्रवार. तुमचा फोटो मोठा करून घेतला होता, वर्षश्राद्धाच्या आधी फ्रेम करायची म्हणून. मंजू शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. सदरला फ्रेमच्या दुकानात गेलो तर दुकान बंद. मंजू म्हणाली, "आई, आता तरी चल. दोन गल्ल्या सोडून आहे. पाणी पी आणि मग घरी सोडते तुला."

मी अडले. खरं सांगते, पायरीपाशी माझे पाय अडले. तुम्ही गेलात तरी तुमचा शब्द माझ्या पायात होताच. मग मंजूने माझा हात धरला तशी मी आत गेले.

छान आहे हो कॅफे. तुम्हाला काय सांगते म्हणा! फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू. एका टेबलावर दोन फौजी कुटुंबातल्या बायका आणि त्यांची मुलं, एका टेबलावर कॉलेजच्या पोरी. अंकुरने मला बघितलं आणि त्याला काय करावं सुचेना. आधी पाया पडला, मग खुर्ची पुसली, मग परत पाया पडला. मी काय घेणार म्हणून त्याने विचारलं तर मला मेनूतलं एक अक्षर कळेना. मंजू म्हणाली, "पास्ता खा. व्हाइट सॉस. तिखट नसतो."

फोटो मी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला होता, खाली ठेवायला मन होईना. आतून कमला दीदी पास्त्याची प्लेट घेऊन आली. अंकुरच्या स्वयंपाकघरात काम करते, चाळिशीची असेल. प्लेट ठेवता ठेवता तिने फोटो बघितला आणि एकदम खूश झाली.

"अरे, ये तो अपने गुरुवार वाले अंकल हैं! कितने दिन से आए नहीं. तबीयत तो ठीक है ना इनकी?"

मी मंजूकडे बघितलं. मंजूने अंकुरकडे बघितलं. अंकुर काउंटरपाशी उभा होता, त्याचा चेहरा असा उतरला की विचारायलाच नको.

मंजू फक्त एवढंच म्हणाली, "कब से?"

अंकुर म्हणाला, "मंजू, घर चल के बताता हूँ."

"कब से, अंकुर?"

"ढाई साल."

मंजूने पर्स उचलली आणि बाहेर गेली. मी फोटो छातीशी धरून तिच्या मागे. ती स्वतःच्या घरी गेली नाही. माझ्याबरोबर ऑटोत बसली, आपल्या घरी आली, तुमच्या खोलीचं दार उघडून एकदा आत बघितलं आणि बाहेरच्या दिवाणावर आडवी झाली. शाळेला तिथूनच जायची, परत तिथेच यायची. अंकुरचा फोन घ्यायची नाही.

जेवायला बोलावलं तर म्हणाली, "आई, बाबा मला विसरले असं समजून मी चार वर्षं काढली. दिवाळीला रडायची तेव्हा अंकुर मला समजावत होता. म्हणायचा, धीर धर, ठीक होईल. आणि त्याच आठवड्यात बाबा त्याच्याकडे जेवून गेलेले असायचे! त्याने मला सांगितलं नाही, आई. आता त्याच्यावर कसा भरवसा ठेवू?"

बघितलं तुमचं काम? स्वतः निघून गेलात आणि पोरीचा चांगला चाललेला संसार अडकवून ठेवलात! मला इतका राग आला की फ्रेम करायचा तुमचा फोटो मी कपाटावर उलटा ठेवून दिला. अजून तिथेच आहे.

चार दिवस मी बघितलं. मंगळवारी मंजू शाळेत गेल्यावर मी एकटीच ऑटो करून सदरला गेले. अंकुर मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, "बैठो. आज मुझे सब सुनना है. कुछ छुपाना मत."

त्याने सांगायला सुरुवात केली आणि मी कपाळाला हात लावून ऐकत गेले.

पहिल्या दिवशी तुम्ही आलात ते म्हणे टोपी घालून. चहा मागितला. तो म्हणाला, चहा नाही, कॉफी आहे. तुम्ही म्हणालात, मग जे लोक जास्त मागतात ते आणा. त्याने लग्नाआधी मंजूच्या मोबाइलमध्ये तुमचे फोटो बघितलेले. टोपीने काय होतं? त्याने ओळखलं, पण बोलला नाही. तुम्ही प्लेट संपवलीत, रुमालाने मिशी पुसलीत आणि सांगितलंत, "सॉस में गुठली है. मैदा ठीक से भूनते नहीं हो." आणि निघून गेलात.

पुढच्या गुरुवारी परत हजर! त्या वेळी म्हणे गुठळी नव्हती, तर मीठ कमी निघालं. त्याच्या पुढच्या वेळी ब्रेड कडक. अंकुर हसून सांगत होता, "मम्मी जी, हर हफ्ते एक नुक्स. मैं पूरा हफ्ता वही सुधारता था. मेरा व्हाइट सॉस आज जैसा है, पापा जी की वजह से है."

मी विचारलं, "तुम उनको पापा जी बोलते थे?"

तो म्हणाला, "पहले अंकल बोलता था. फिर एक दिन मुँह से निकल गया. मैं तो डर गया. उन्होंने एक चम्मच और खाया, फिर बोले, काली मिर्च ताज़ी नहीं है."

अहो, काय माणूस हो तुम्ही! पोरगा तुम्हाला बाप म्हणतो आणि तुम्ही मिऱ्याचं सांगता?

आणि त्याच्या ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं, ते तुम्ही दुरुस्त करून दिलंत म्हणे. घरून पेचकस आणि पाना घेऊन गेलात, शर्टाच्या बाह्या वर करून दोन तास खाली बसलात. इकडे आपल्या न्हाणीघरातला नळ तीन महिने गळत होता! मी सांगून सांगून थकले, तर तुम्ही म्हणायचे, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. शेवटी मी प्लंबरला बोलावलं. ओव्हनपुढे बसताना गुडघे कुठे गेले होते?

प्रसादाचंही विचारलं मी. दर गुरुवारी माझ्या हातावर इलायचीदाणे ठेवायचे ना तुम्ही, घाटावरचा प्रसाद म्हणून? मी डोळे मिटून, हात जोडून खात होते. अंकुर मान खाली घालून म्हणाला, "सामने किराने की दुकान है, मम्मी जी." मग मला आलेलं हसू बघून तोही हसला. आम्ही दोघं त्या टेबलावर बसून हसत सुटलो आणि मध्येच मला रडू फुटलं. कमला दीदीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

मग अंकुरने आणखी एक गोष्ट सांगितली. तुम्ही नेहमी अकरा-साडेअकराला यायचे आणि एकच्या आत निघायचे, कारण मंजू दोननंतर शाळेतून यायची. जाताना बूट घालता घालता दर वेळी एकच विचारायचे, "घर में सब ठीक?" अंकुर मुद्दाम लांबलचक सांगायचा. मंजूला ताप येऊन गेला, मंजूची नोकरी पक्की झाली, मंजूने केस कापले. तुम्ही लेस बांधून झाली तरी वाकून बसलेले असायचे.

एक दिवस शाळा लवकर सुटली आणि ती बारालाच आली. तुम्ही प्लेट तशीच टाकून स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत पळालात. अंकुर नंतर कचरा टाकायला मागे गेला तर तुम्ही तिथेच. जाळीच्या खिडकीतून आत बघत उभे. मंजू काउंटरवर बसून वह्या तपासत होती. अर्धा तास उभे होतात म्हणे.

अर्धा तास! स्वतःची पोर जाळीतून बघायची? दार कुठे होतं ते ठाऊक होतं ना तुम्हाला? ते ढकलायला कितीसा वेळ लागला असता? "मंजू" एवढंच म्हणायचं होतं. ती धावत आली असती हो. भांडली असती, रडली असती, पण धावत आली असती.

त्या दिवशी तुम्ही अंकुरला सांगितलंत, "मंजू को मत बताना. मैं खुद बताऊँगा." आणि मग दर गुरुवारी म्हणत राहिलात, पुढच्या गुरुवारी. तो बिचारा वाट बघत राहिला.

आता शेवटचं. हे लिहायला मला जड जातं आहे.

तुम्ही रविवारी गेलात. त्याच्या आधीच्या गुरुवारी तुम्ही अंकुरला म्हणालात, "दो प्लेट बेक्ड मैक्रोनी पैक कर दो. आज घर में बात करता हूँ." त्याने पॅक करून दिली. तो म्हणाला, त्या दिवशी पापा जी खुशीत होते, एकही खोट काढली नाही.

अंकुर हे सांगत होता आणि मला तो डबा आठवत होता. तुम्ही ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणालात, "शालू, एका दोस्ताच्या नातवाचा वाढदिवस होता. खाऊन तर बघ." मी झाकण उघडलं, चीजचा वास आला आणि मी तोंड फिरवलं. म्हटलं, "हे असलं कोण खाते? उपासाच्या दिवशी घरात आणलं काहून?" आणि उचलून शेजारच्या दुबे भाभीकडे देऊन आले. तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, "थोडं तरी खायचं होतं." आणि पेपर घेऊन बाहेर गेलात.

मंजूकडचं आहे, एवढं म्हटलं असतं तर मी वास घेतला असता का? डबा चाटूनपुसून खाल्ला असता! आणि मी नको म्हटलं एवढ्यावर तुमची हिंमत गेली? घरी येता येता वाढदिवसाची थाप सुचली, खरं तेवढं सुचलं नाही! पण मीही माझा दोष झटकत नाही. मी तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं, काय झालं, असे का उभे? तुमचा चेहरा पडलेला दिसला होता मला. पण मला गॅसवरचं दूध बघायचं होतं.

अंकुरला मी विचारलं, "उनके जाने के बाद क्यों नहीं बताया?"

तो म्हणाला, "डर गया था. पहले दिन नहीं बता पाया, फिर हर दिन और मुश्किल होता गया."

मला तुमचीच आठवण झाली. सँडविचवाला म्हणत होता ना तुम्ही? अगदी तुमच्या वळणाचा निघाला.

घरी आले आणि मंजूला समोर बसवून सगळं सांगितलं. गुठळी, मीठ, ओव्हन, खिडकी. डब्याचंही सांगितलं, माझी चूक लपवली नाही. खिडकीचं सांगितलं तेव्हा ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "फोन लाव त्याला. ये म्हणावं."

काल संध्याकाळी अंकुर आला. स्कूटर लावली, हेल्मेट हातात घेतलं आणि फाटकाबाहेर उभा राहिला. तुम्ही गेलात त्या दिवशीही तो तिथेच उभा होता म्हणे, लोकांमध्ये. मला तेव्हा कशाची शुद्ध होती? नंतरचे नऊ महिने मंजूला सोडायला यायचा आणि तिथूनच वळायचा. आणि मला, तुमच्या बायकोला, नऊ महिन्यांत एकदाही वाटलं नाही की त्याला आत बोलवावं.

मी फाटक उघडलं. "अंदर आओ."

तो म्हणाला, "मम्मी जी, पापा जी ने कभी..."

"पापा जी नहीं हैं," मी म्हटलं. "मैं हूँ. और मैं बोल रही हूँ, अंदर आओ."

आला. मंजू दिवाणावर बसली होती. तिने त्याला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मग तिने विचारलं, "मेरे बारे में क्या पूछते थे?"

अंकुर तिच्यापासून जरा अंतरावर खुर्चीत बसला आणि सांगायला लागला. एकेक गुरुवार आठवून आठवून. मंजू मध्येच अडवायची, "फिर? फिर क्या बोले?" मी चहा ठेवला, तो दोघांनीही घेतला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिघांचा कुकर लावला.

मंजूचा राग गेला असं समजू नका. जेवताना अंकुरला म्हणाली, "तुमसे तो बाद में बात करूँगी." पण रात्री त्याच्याबरोबर घरी गेली. जाताना मला म्हणाली, "बाबांवर मी अजून खूप दिवस चिडणार आहे, आई. मला समजावू नको." मी म्हटलं, चीड बाई, मीही चिडले आहे.

तर आता माझं वचन ऐका. मी तुमची बाजू घेणार नाही आणि तुम्हाला दोषही देत बसणार नाही. मंजू जे विचारेल ते सगळं सांगेन, चांगलं आणि वाईट दोन्ही. माझ्या घरात शांतता राहावी म्हणून मी चाळीस वर्षं गप्प बसले. ती शांतता नव्हती हो, तीन माणसं तीन दारांमागे उभी होती. यापुढे मला राग आला तर तोंडावर बोलेन, माया आली तरी तोंडावर बोलेन, आणि त्यासाठी गुरुवारची वाट बघणार नाही.

तुमच्यावर भयंकर चिडलेली आणि तरीही तुमचीच,
शालू